उत्पन्नाचा रकाना

२०२२ सालच्या उन्हाळ्यात घरगुती गॅसच्या एका टाकीचा भाव हजार रुपयांच्या वर गेला, तेव्हा आमच्या धर्मग्रामाच्या मदत समितीने गरजू कुटुंबांना वर्षातून तीन टाक्या भरून देण्याचे ठरविले. कल्पना एका निवृत्त शिक्षिकेची होती. पैसे नाताळच्या दानपेटीतून आणि दोन-तीन सुस्थित कुटुंबांच्या औदार्यातून उभे राहिले होते. ते वीस घरांना पुरतील इतकेच होते. अर्ज मात्र त्रेपन्न आले. कोणाला द्यायचे आणि कोणाला नाही, हा जो प्रश्न मोठमोठ्या सरकारांना सुटत नाही, तो सोलापुरातील एका लहानशा कचेरीत, पंख्याच्या गरम वाऱ्यात बसलेल्या आम्हा सहा जणांपुढे येऊन उभा राहिला.

आकडा ठरवू या, असे मीच म्हणालो. आकड्याला नाते नसते, ओळख नसते, असा माझा युक्तिवाद होता. धर्मगुरूंनी अमक्याला दिले आणि तमक्याला नाकारले, ही कुजबुज मी अनेक धर्मग्रामांत ऐकली आहे व तिचा मी धसका घेतला आहे, हेही येथे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. कुटुंबाचे मासिक उत्पन्न आठ हजार रुपयांपेक्षा कमी असावे, अशी अट लिहिली गेली. अर्जात उत्पन्नाचा एक रकाना आखला गेला, आणि यादी अर्ध्या तासात तयार झाली. इतक्या झटपट काम उरकल्याचे मला त्या दिवशी समाधान वाटले होते.

पुढच्या वर्षी ईस्टरनंतर मी घरांना आशीर्वाद देण्यासाठी वस्तीत फिरत होतो. विडी वळून संसार चालविणाऱ्या एका विधवा भगिनीच्या घरी गेलो. दोन खोल्यांचे घर लख्ख सारवलेले होते. कोपऱ्यात गॅसची टाकी उभी होती. तिच्यावर कशिद्याचे कापड अंथरून त्यावर मरियामातेची तसबीर ठेवलेली होती. स्वयंपाक मात्र दाराबाहेर, पत्र्याच्या आडोशाला, तीन दगडांच्या चुलीवर चालला होता. तुराट्या आणि वेड्या बाभळीच्या काटक्या जळत होत्या. धुराने बाईंचे डोळे लाल झाले होते.

“गॅस संपला का?” मी सहज विचारले.

“नाही फादर, आहे थोडा. पाव्हणं आलं तर चहाला ठेवलाय,” त्या म्हणाल्या, आणि त्यांनी खरोखरच टाकीवरची तसबीर उचलून बाजूला ठेवली व माझ्यासाठी चहा टाकला.

तो चहा मला कसा गेला ते मलाच ठाऊक. कचेरीत परतल्यावर मी जुने अर्ज काढून पाहिले. बाईंचा अर्ज होता. अर्जाच्या दोनच महिने आधी त्यांचा थोरला मुलगा टॉवेलच्या कारखान्यात लागला होता, आणि त्याची मजुरी धरून घराचे उत्पन्न नऊ हजार दोनशे झाले होते. माझ्याच हातची लाल रेघ त्यावर होती. घरात खाणारी तोंडे पाच होती. पतीच्या आजारपणातील कर्जाचा हप्ता दरमहा जात होता, पण त्यासाठी आमच्या अर्जात रकाना नव्हता. त्याच यादीत सात हजार आठशे रुपये उत्पन्न लिहिलेले एक दोन माणसांचे कुटुंब होते, स्वतःच्या पक्क्या घरात राहणारे. त्यांना तिन्ही टाक्या मिळाल्या होत्या. त्यांनी काही खोटे लिहिले नव्हते. नियमाप्रमाणे ते पात्रच होते.

माझे बालपण त्या वेळच्या अहमदनगर जिल्ह्यातील एका खेड्यात गेले. वडील मिशनच्या शाळेत शिक्षक होते. महिन्यातून एकदा रॉकेलचा डबा घेऊन मला रेशनच्या दुकानापुढे उभे राहावे लागे. रांगेत शेतमजुराची पोर असे, पाटलाचा गडी असे आणि मास्तरांचा मुलगा म्हणून मीही असे. शिधापत्रिका त्या काळी सर्वांसाठी होती. पुढे १९९७ साली केंद्र सरकारने दारिद्र्यरेषेच्या वरचे आणि खालचे असे शिधापत्रिकाधारकांचे दोन भाग केले. ज्याला गरज नाही त्याला सवलत कशाला, हा त्यामागचा विचार वरकरणी बिनतोड आहे. परंतु मला आठवते ते असे की, वडील स्वतः रांगेत उभे असले म्हणजे दुकानदाराचे माप काठोकाठ भरत असे. हिशेब विचारू शकणारा माणूस रांगेतून निघून गेला की मापाचे काय होते, याचा विचार रेषा आखणाऱ्यांनी फारसा केलेला दिसत नाही.

महाराष्ट्रात १९९९ साली तीन रंगांच्या शिधापत्रिका आल्या. वार्षिक उत्पन्न पंधरा हजारांपर्यंत असेल तर पिवळी, त्यापुढे एक लाखापर्यंत केशरी आणि त्याहून अधिक असेल तर पांढरी. तेव्हा मी तरुण सहायक धर्मगुरू होतो व लोकांचे अर्ज भरून देण्यात माझे कित्येक रविवार गेले. वर्षाला पंधरा हजार म्हणजे दिवसाला सुमारे एक्केचाळीस रुपये. ते उत्पन्न मोजायचे कसे? रोजंदारीवरचा माणूस कधी कामाला असतो, कधी नसतो. सुगीचे दिवस धरावेत की उन्हाळ्याचे? मी विचारी आणि लोक माझ्याच तोंडाकडे पाहत. “तुम्हीच लिहा फादर, बसेल असं,” हे उत्तर मी इतक्यांदा ऐकले की, अखेर मी ‘बसेल असे’ लिहू लागलो. गुरुविद्यालयात नीतिशास्त्राचा अभ्यास करताना असत्याचे प्रकार आम्ही घोकले होते. त्यांत हा नेमका कोठे मोडतो, हे मी आजपर्यंत ठरवू शकलेलो नाही.

२०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानंतर आपल्या राज्यात प्राधान्य कुटुंबांसाठी नवी रेषा आली : शहरात वार्षिक एकोणसाठ हजार, ग्रामीण भागात चव्वेचाळीस हजार. २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेसाठी अडीच लाखांची मर्यादा ठरली, आणि पिवळी वा केशरी शिधापत्रिका असलेल्यांना उत्पन्नाच्या दाखल्यातून सूट मिळाली. म्हणजे एकाच घरातील एकच बाई एका कागदावर गरीब, दुसऱ्यावर सुस्थित आणि तिसऱ्यावर पुन्हा गरीब ठरू शकते.

इंधनाची गोष्ट तर याहून गुंतागुंतीची आहे. १ मे २०१६ रोजी उज्ज्वला योजना सुरू झाली. लाभार्थी निवडण्यासाठी प्रथम २०११ च्या सामाजिक-आर्थिक जातगणनेची यादी वापरली गेली. ही योजना हे मोठे काम आहे, याविषयी माझ्या मनात शंका नाही. धुरातून सुटलेल्या कितीतरी भगिनी मी पाहिल्या आहेत. तिची एक अट अशी की, घरात आधीची गॅसजोडणी नसावी. अट समजण्यासारखी आहे. परंतु ज्या बाईने भिशी लावून, पै-पै साठवून २०१६ पूर्वीच जोडणी घेतली होती, ती या अटीमुळे बाहेर राहिली. २०२० च्या मध्यापासून सर्वसाधारण ग्राहकांच्या खात्यात अनुदान जमा होणे जवळजवळ बंद झाले. २०२२ साली टाकीमागे दोनशे रुपयांचे आणि २०२३ च्या ऑक्टोबरपासून तीनशे रुपयांचे अनुदान आले, ते केवळ उज्ज्वलाच्या ग्राहकांना. टाकीवर तसबीर ठेवणाऱ्या आमच्या त्या भगिनी अशाच काटकसरीची शिक्षा भोगणाऱ्यांपैकी आहेत. राज्य सरकारने २०२४ मध्ये वर्षाला तीन टाक्या मोफत देणारी अन्नपूर्णा योजना आणली, तीत जोडणी महिलेच्या नावावर असणे आवश्यक होते. यांची जोडणी दिवंगत पतीच्या नावावर होती. नाव बदलण्यासाठी मृत्यूचा दाखला, आधार, बँकेचे पुस्तक असे सारे जमवावे लागले. त्या कामी आमच्या एका सिस्टरने तीन हेलपाटे घातले.

विजेच्या बाबतीत उत्पन्नाबरोबर वापरही मोजला जातो. दारिद्र्यरेषेखालील ग्राहकाला जो विशेष स्वस्त दर आहे, तो महिन्याला तीस युनिटांच्या आत राहणाऱ्यासाठी. एक साधा पंखा रोज बारा तास फिरला तर महिन्याला सत्तावीस युनिटे जळतात; मग दिव्यासाठी तीनच उरतात. सोलापूरच्या एप्रिल-मे महिन्यांत पंखा बारा तासांवर भागत नाही, हे येथे राहिलेल्याला सांगायला नको. शहरापासून जवळच फताटेवाडीच्या बाजूस १,३२० मेगावॅट क्षमतेचे औष्णिक वीज केंद्र उभे आहे. त्याच्या चिमण्या पाहिल्या की मला या तीन युनिटांची आठवण होते.

असे वाटू नये की हा घोळ आपल्याकडेच आहे. अमेरिकेत १९८१ पासून गरीब कुटुंबांना घर उबदार ठेवण्याच्या खर्चासाठी सरकारी मदत मिळते. तिची कमाल मर्यादा दारिद्र्यरेषेच्या दीडपट किंवा त्या राज्याच्या मध्यम उत्पन्नाच्या साठ टक्के, यांपैकी जी अधिक असेल ती. यात मला महत्त्वाची वाटली ती गोष्ट अशी की, घरात माणसे जितकी अधिक तितकी मर्यादा वर सरकते. ब्रिटनमध्ये २०२४ साली वृद्धांचे हिवाळी इंधन अनुदान अगदी गरिबांपुरते मर्यादित केले गेले. रेषेच्या जरासे वर असलेल्या वृद्धांचा असा रोष झाला की, पुढच्याच वर्षी सरकारला मागे फिरून मर्यादा वार्षिक पस्तीस हजार पौंडांपर्यंत न्यावी लागली. एवढ्या मोठ्या देशाची ही गत, हे वाचून मला माझ्या लाल रेघेबद्दल किंचित दिलासा मिळाला. तो फार काळ टिकला नाही.

समितीची बैठक मी पुन्हा बोलावली आणि माझी चूक मांडली. बराच वाद झाला. एका ज्येष्ठ सभासदांचे म्हणणे असे की, नियम मोडला तर ढोंगी लोक शिरतील. त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. मागच्याच अर्जांत एका घराने कमावता मुलगा वेगळा राहतो असे लिहून दिले होते, आणि तो रोज रात्री त्याच घरी जेवतो हे साऱ्या वस्तीला माहीत होते. परंतु मुलाला कागदावर घराबाहेर काढायला त्यांना कोणी शिकविले? आमच्या आठ हजारांनीच. रेषेच्या एक रुपया खाली सर्व काही आणि एक रुपया वर काहीच नाही, अशी पायरी आपण बांधली की, माणूस वाकून तिच्याखाली शिरणारच. शिवाय नको त्या घरी एक टाकी गेली तर आपले हजार रुपये जातात. हवे त्या घरी न गेली तर एका बाईचे डोळे जातात. या दोन चुका एका तराजूत घालता येत नाहीत, असे मी म्हणालो. सर्वांना ते पटले असे नाही.

जुन्या करारातील सारफथची विधवा आपल्याला पीठ आणि तेलासाठी आठवते. पण संदेष्टा एलिया तिला भेटला तेव्हा ती वेशीपाशी काटक्या गोळा करीत होती, ही गोष्ट मी इतकी वर्षे वाचूनही माझ्या ध्यानात आली नव्हती. घरात पीठ असले तरी ते भाजायला जळण लागतेच.

अखेर आम्ही काही बदल केले. उत्पन्न घरातील माणसांच्या संख्येने भागायचे. औषधपाण्याचा व कर्जाच्या हप्त्याचा खर्च आधी वजा करायचा. रेषा ओलांडली म्हणून एकदम हात आखडता न घेता तीनऐवजी दोन, दोनऐवजी एक टाकी द्यायची. घरातील मुलगा कामाला लागला तर त्याचे पहिले वर्ष मोजायचेच नाही. यामुळे घरे वाढली आणि टाक्या कमी पडू लागल्या. दानपेटीपुढे मला अधिक वेळा तोंड उघडावे लागते.

सर्वांत उपयोगी सूचना मात्र सिस्टरची निघाली. त्या घरोघर जातात तेव्हा उत्पन्न विचारीतच नाहीत. गॅसचे पुस्तक मागतात आणि वर्षात किती टाक्या आल्या ते पाहतात. पाच माणसांच्या घरात वर्षाला दोनच टाक्या आल्या असतील तर उरलेला स्वयंपाक कशावर होतो हे वेगळे विचारावे लागत नाही. आडोशाची काळवंडलेली भिंत ते सांगते. या पद्धतीतही फसगत होते. काही आजीबाई गॅस परवडत असूनही भाकरी चुलीवरचीच लागते म्हणून हट्टाने धूर सोसतात. एकींनी तर आलेली टाकी तशीच सुनेच्या माहेरी पाठविली.

त्या विडी वळणाऱ्या भगिनींना आता वर्षाला दोन टाक्या मिळतात. मुलाची मजुरी वाढली आहे, तेव्हा पुढील वर्षी एकच मिळेल. मागच्या महिन्यात मी त्यांच्याकडे गेलो होतो. मरियामातेची तसबीर भिंतीवर गेली आहे, आणि चूल अजून दाराबाहेर आहे; अंघोळीचे पाणी त्या तिच्यावरच तापवितात.