समोरच्याचा डोळा

‘दीप्’ ह्या एकाच धातूपासून आपल्या भाषेने एकीकडे ‘दिवा’ आणि दुसरीकडे ‘दिपणे’ असे दोन शब्द घेतले, ह्यात मोठे शहाणपण साठविलेले आहे. जो वाट दाखवितो, तोच डोळे दिपवितो. आणि डोळे दिपले की मागून काय येते, तर ‘अंधारी’! उजेड फार झाला की त्यातून काळोख उत्पन्न होतो, हे समई-निरांजनाच्या मंद प्रकाशात वावरणाऱ्या आपल्या पूर्वजांनीही ओळखले होते. आम्हांला मात्र त्याचा नीट विचार करावा लागला, तो एका मालवाहू मोटारीच्या दिव्यांपायी.

आमचा पुतण्या पिकअप चालवितो. रात्री इंदुरातून निघावे, सिमरोल व भेरूघाट उतरून बडवाहपुढे नर्मदा ओलांडावी, सनावदच्या बाजूची मिरची-भाजी भरावी आणि पहाटे चोइथराम मंडीत हजर व्हावे, हा त्याचा क्रम. गाडी जुनी, दिवे मंदावलेले. घाटाच्या वळणावर रस्त्याची कड दिसत नाही, ही त्याची तक्रार खरी होती. त्याची आई, म्हणजे आमच्या वहिनी, गाडी दारात उभी राहीपर्यंत पापणीला पापणी लावीत नाहीत. तेव्हा एके दिवशी त्याने विचारले, “काका, दिवे बदलतो आहे. एच.आय.डी. घेऊ की एल.ई.डी.?” दुकानदारांत एकमत नव्हते, आणि घरात मुख्याध्यापक असला म्हणजे त्याला सर्व विषय अवगत असावेत, अशी कुटुंबाची समजूत असते. आम्ही त्या विषयाचा अभ्यास आरंभिला.

त्याच्या गाडीत ‘एच-४’ जातीचा हॅलोजन बल्ब. त्यात दोन तारा असतात: जवळच्या प्रकाशाची ५५ वॅटची, दूरच्या प्रकाशाची ६० वॅटची. जवळची तार सुमारे १,००० ल्युमेन उजेड देते. एच.आय.डी.मध्ये तारच नसते. झेनॉन वायू असलेल्या इवल्याशा कुपीत दोन टोकांमध्ये विजेची कमान पेटते. ती पेटविण्यास २०,००० व्होल्टच्याही वर दाब लागतो, पण पेटल्यावर ३५ वॅटमध्येच सुमारे ३,००० ल्युमेन मिळतात. १९९१ साली जर्मनीच्या बी.एम.डब्ल्यू. मोटारीत हा दिवा प्रथम आला. उणीव ही की, पूर्ण तेजावर येण्यास त्याला काही सेकंद लागतात. आणि घाटात तर घटकेघटकेला डिपर द्यावा लागतो. एल.ई.डी.चे तसे नाही. ज्या निळ्या एल.ई.डी.च्या शोधाबद्दल २०१४ साली तीन शास्त्रज्ञांना नोबेल पारितोषिक मिळाले, त्याच निळ्या प्रकाशावर पिवळ्या लेपाची जोड देऊन हा पांढरा उजेड साधलेला असतो. तो तत्क्षणी लागतो व वीजही थोडी खातो. मात्र त्याचे बूड तापते. ते थंड राखण्यास पंखा लावावा, तर धूळ-चिखलाच्या रस्त्यावर तो पंखा कधी दगा देईल ह्याचा नेम नाही. तरीही नुसत्या ह्या दोहोंचीच तुलना करावयाची, तर एल.ई.डी.चे पारडे जड भरते.

परंतु दिवा म्हणजे नुसता बल्ब नव्हे. बल्बच्या मागे जी चकाकती वाटी असते, तिचा प्रत्येक बाक तारेची जागा धरून बेतलेला असतो. ‘एच-४’मध्ये जवळच्या तारेखाली नखाएवढी धातूची टोपी असते. त्या तारेचा जो उजेड वाटीच्या खालच्या भागावर आदळून वर उसळला असता, तो ही टोपी अडविते. म्हणूनच प्रकाशाला वरून रेखीव कड येते आणि समोरच्याचे डोळे वाचतात. ह्या वाटीत तारेच्या जागी विजेची कमान बसविली, अथवा पातळ पट्टीच्या दोन अंगांना एल.ई.डी.च्या टिकल्या डकविल्या, तर उजेड पुष्कळ पडतो, पण तो जाऊ नये तेथे जातो. चाकापुढची जमीन लखलखते, चालक संतुष्ट होतो. पण जवळच्या त्या लखलखाटाला सरावलेल्या डोळ्याला दूरचे मात्र कमीच दिसते. वर उधळलेला उजेड समोरून येणाऱ्याच्या वाट्याला जातो.

ह्या समोरच्याची दखल कायद्याने कशी घेतली आहे, हे वाचून आम्ही थक्क झालो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील १०६ वा नियम सांगतो की, दिव्यापुढे ८ मीटरवर, गाडीच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर बाजूला आणि जमिनीपासून १.५ मीटर उंचीवर ज्याचा डोळा आहे, तो माणूस दिपता कामा नये. किती वॅट, किती रुपये, ह्याच्याही आधी नियमकर्त्याने तेथे एक डोळा उभा केला! दीड मीटर म्हणजे रस्त्याने चालणाऱ्या मध्यम बांध्याच्या माणसाच्या डोळ्याची उंची.

पुतण्या सहजासहजी ऐकणारा नव्हता. तो म्हणाला, “काका, समोरचे लोक पांढरे दिवे लावून माझे डोळे दिपवितात. मी एकट्यानेच धर्म पाळायचा का?” प्रश्न बिनतोड होता, हे आम्ही मान्य केले. मग त्याला पाटीवर हिशेब करून दाखविला. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात सोळा-सतरा मीटर जाते. दिपलेला डोळा तीन सेकंदांनी सावरला, तर तोवर पन्नास मीटर रस्ता त्या माणसाने आंधळेपणी तोडलेला असतो. आणि वय झालेल्या डोळ्याला सावरण्यास त्याहूनही वेळ लागतो. “असा आंधळा झालेला ट्रक घाटात कोणाच्या अंगावर येणार?” आम्ही विचारले. “समोर त्या वेळी तूच असणार.” तो काही बोलला नाही, पण वहिनींनी मान वर करून त्याच्याकडे पाहिले.

निर्णय असा झाला की, दोहोंपैकी काहीच घ्यावयाचे नाही. बॅटरीपासून दिव्यापर्यंतच्या जुन्या, बारीक तारांत विजेचा दाब गळत होता. हा दाब दहा टक्के घटला, की हॅलोजनचा उजेड तीस टक्क्यांच्या आसपास घटतो. मिस्त्रीने रिले बसवून जाड तार थेट आणली. उन्हाने पिवळी पडलेली दिव्याची पुढची काच घासून स्वच्छ केली. चांगल्या प्रतीचे तेवढ्याच वॅटचे नवे बल्ब घातले.

पिकअपला आणखी एक खोड असते. मागे पोती भरली की मागची कमान दबते, नाक वर होते आणि सरळ लावलेले दिवेही आकाशाकडे पाहू लागतात. म्हणून एका रविवारी संध्याकाळी लसणाच्या पोत्यांनी भरलेली गाडी आमच्या शाळेच्या भिंतीसमोर सपाट जागी, १० मीटरवर उभी केली. दिव्याच्या मध्याएवढ्या उंचीवर भिंतीवर खडूने रेघ ओढली आणि जवळच्या प्रकाशाची वरची कड त्या रेघेच्या सुमारे १० सेंटीमीटर खाली येईपर्यंत दिव्यांचे स्क्रू फिरविले. पुढे गाडी बदलण्याची वेळ आली, तर कारखान्यातूनच एल.ई.डी.साठी घडविलेला संपूर्ण दिवा असलेली घ्यावी, असे ठरले. कारण तेथे वाटी आणि ज्योत एकमेकांसाठी बनविलेली असतात.

आता रस्त्याची कड त्याला दिसते. श्रावणात ओंकारेश्वराहून नर्मदेचे पाणी खांद्यावर घेऊन उज्जैनला महाकालाकडे निघालेले कावडवाले ह्या वाटेने पायी जात असतात. त्यांच्यापैकी कोणालाही १०६ वा नियम ठाऊक नसेल. नियमातला तो दीड मीटर उंचीवरचा डोळा मात्र त्यांचाच आहे. आपल्याकडे ट्रकांच्या पाठीवर ‘रात्री डिपर वापरा’ अशा अर्थाची विनंती इंग्रजीत रंगविलेली असते. ती मागच्याला केलेली असली, तरी पाळावयाची ती समोरच्यासाठीही. ज्यांच्या घरी गाडी असेल, त्यांनी नव्या दिव्यांचा भाव विचारण्यापूर्वी एकदा ती भरलेली गाडी भिंतीसमोर उभी करून पाहावी. खडू आम्ही देऊ.