नानीची साखरदाणी

मुलांनो, तुमच्या घरात एखादे जुने काचेचे भांडे आहे का? असेल तर ते दोन्ही हातांनी जपून उचला आणि उजेडात धरा. ते भांडे तुमच्याशी बोलेल. मात्र त्याची भाषा आधी शिकावी लागते. ती मी कशी शिकलो, ते तुम्हांला सांगतो.

मी तेव्हा आठवीत होतो. आमच्या घरी नानीची एक साखरदाणी होती. उन्हात ती हिऱ्यासारखी चमकायची. "ही विलायती काच आहे. कारागिराने एकेक पैलू हाताने पाडला आहे," असे नानी अभिमानाने सांगायची. पुढे नानी वारली. त्याच वर्षी माझ्या थोरल्या बहिणीला कॉलेजात प्रवेश मिळाला. पण फी भरायला घरात पैसे नव्हते. अम्मीने साखरदाणी रुमालात गुंडाळली आणि आम्ही दोघे मुंबईच्या चोरबाजारात मटण स्ट्रीटवर गेलो.

एका दुकानात म्हातारे चाचा बसले होते. त्यांनी माझे बोट धरून नक्षीवरून फिरवले.

"कड बोटाला लागते का?"

"नाही."

"चाकावर कापून पैलू पाडले, की कड धारदार होते. ही कड गोलसर आहे. आता ही रेघ पाहा."

साखरदाणीच्या बाहेरच्या अंगाला वरून खाली जाणारी केसासारखी बारीक रेघ होती. अशा तीन रेघा होत्या.

चाचा म्हणाले, "लोखंडी साच्यात वितळलेली काच टाकतात आणि वरून दट्ट्या दाबतात. साच्याचे भाग जिथे जुळतात, तिथे अशी रेघ उमटते. दट्ट्या गुळगुळीत असतो, म्हणून भांड्याची आतली बाजूही गुळगुळीत राहते. काही कारखाने भांडे पुन्हा तापवून या रेघा पुसट करत. म्हणून नुसती रेघ पाहून भागत नाही, बोटानेही तपासावे."

मग त्यांनी साखरदाणी उलटी केली. तळावर वेडेवाकडे बारीक ओरखडे होते. वर्षानुवर्षे वापरलेल्या भांड्यावर ते असेच, सगळ्या दिशांनी उमटतात. मुद्दाम घासून जुने केलेल्या भांड्यावर ते बहुधा एकाच दिशेने जातात. तळाशी एक छोटी चौकट होती, पतंगासारखी. चाचांनी भिंग दिले. चौकटीच्या वरच्या गोलात रोमन तीनचा आकडा होता आणि उजव्या कोपऱ्यात 'पी' हे इंग्रजी अक्षर.

"इंग्लंडमध्ये १८४२ ते १८८३ या काळात नवीन नक्षीची सरकारी नोंद झाली, की ही खूण घालत. तीन म्हणजे काच. उजवीकडचा 'पी' म्हणजे १८७७. हे नक्षीच्या नोंदीचे वर्ष. भांडे त्याच वर्षी केले असेल असे मात्र नाही."

मला आनंद झाला; पण अम्मीचा चेहरा उतरला. साच्यातल्या भांड्यांची किंमत कमी. एका साच्यातून पुष्कळ भांडी निघतात. म्हणूनच तर अशी नक्षीदार काच साध्या माणसांच्या टेबलावर आली.

इतक्यात एक श्रीमंत गिऱ्हाईक दुकानात आले. "वा! कट ग्लास! काय घ्याल?" असे विचारून त्यांनी स्वतःच रक्कम सांगितली. तेवढ्यात फी भरून वर काही उरले असते. चाचा गप्प राहिले. भांडे आमचे होते. मी अम्मीचा पदर ओढला. मला वाटले, तिने काही बोलू नये.

अम्मी म्हणाली, "साहेब, ही कापलेली काच नाही. साच्यातली आहे. या रेघा पाहा."

ते गृहस्थ हसले आणि निघून गेले. आम्ही साखरदाणी घेऊन घरी आलो. दुसऱ्या दिवशी अम्मीने आपली सोन्याची बांगडी विकली. मी तिच्याशी दोन दिवस बोललो नाही.

आज ती साखरदाणी माझ्या कपाटात आहे. नानी खोटे बोलली नव्हती. तिला माहीत नव्हते. अम्मीला मात्र माहीत झाले होते आणि माहीत झाल्यावर तिला गप्प राहता आले नाही. मुलांनो, काच ओळखायला मला चाचांनी शिकवले. त्या ओळखीचे पुढे काय करायचे, हे अम्मीने शिकवले.