शॉक, पण शिक्षा नव्हे

“शॉक देणार म्हणे!” एवढं कानावर पडलं, की आपण बायका तोंडाला पदर लावतो. डोळ्यांपुढे येतात ते सिनेमातले प्रसंग. माझ्या थोरल्या वन्संना मिरजेच्या डॉक्टरांनी हा उपचार सुचवला, तेव्हा आमच्या कुपवाडच्या घरीही तेच झालं. दोन महिने गोळ्या चालू होत्या, तरी वन्संनी अन्नपाणी जवळजवळ सोडलेलं. “लेकरांकडे बघून तरी ऊठ गं,” असं जो तो सांगे. जसं काही उठणं त्यांच्या हातात होतं! सासूबाईंना निराळाच घोर: “तिच्या सासरी कळलं तर नांदवतील का?”

डॉक्टरांनी सगळं नीट सांगितलं. हा उपचार १९३८ साली रोममध्ये सुरू झाला. आता मात्र भूल आणि स्नायू सैल करणारं औषध दिल्याशिवाय तो करायला २०१७ च्या कायद्यानेच बंदी आहे.

पण मेंदूत होतं तरी काय? मास्तरीण पडले, वाचल्याशिवाय राहवेना. २०१२ साली स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनच्या संशोधकांनी ९ रुग्णांच्या मेंदूच्या एमआरआय प्रतिमा उपचाराआधी नि नंतर ताडून पाहिल्या. मेंदूच्या पुढच्या, डाव्या भागाचं इतर भागांशी चाललेलं नको इतकं दळणवळण उपचारानंतर कमी झालं होतं. आठवणी सांभाळणारा हिप्पोकॅम्पस हा भाग थोडा वाढतो, असंही पुढे अनेकांना दिसलं. मात्र बरं वाटतं ते त्यामुळेच का, हे कोडं सुटलेलं नाही. अशा प्रतिमेवरून एकेकीचं निदानही होत नाही. पण जे मेंदूत घडतं, त्याला ‘थेरं’ कसं म्हणायचं?

वन्संनी स्वतः ऐकून, विचारून सही केली. चौथ्या खेपेनंतर त्यांनी आपणहून चहा मागितला. सासूबाई स्वयंपाकघरात जाऊन रडल्या. एकूण आठ खेपा झाल्या.

विसरायला मात्र झालं. त्या आठवड्यांतलं पुष्कळसं त्यांना आजही आठवत नाही. म्हणून मी एक वही घातली होती: कोण भेटून गेलं, धाकट्याला किती मार्क पडले, सगळं रोजच्या रोज.

मैत्रिणींनो, अशी वेळ आलीच तर भूल कोण देणार, किती खेपा, विसरण्याचं काय, हे डॉक्टरांना मोकळेपणाने विचारा. बरं वाटलं म्हणून गोळ्या परस्पर बंद करू नका. आणि घरात एक वही ठेवा. वन्संच्या सासरी हे सारं कळलं, ते त्यांनी स्वतः सांगितलं म्हणून. वही त्यांनी यजमानांच्याच हातात ठेवली.