आगपेटीतला किडा आणि मोबाईलमधली अळी

खेडोपाडी फिरताना माणसं मला खताबियाण्याचं विचारतात तितक्याच हौसेनं नवलाच्या वस्तू दाखवतात. कुणी जुळं वांगं आणतं, कुणी माणसाच्या पायासारखं रताळं. पोरं तर मृगाची पहिली सर पडली की आगपेटीत लाल मखमली किडा घालून हजर. मी त्यांना पाय मोजायला लावतो. सहा असतील म्हणून पोरं पैज मारतात आणि आठ निघतात! म्हणजे मृगाचा किडा हा कीटक नव्हेच, तो कोळ्याचा भाऊबंद. त्याची पिलं नाकतोड्यांच्या अंगाला चिकटून त्यांच्यावर जगतात, तेव्हा त्याला पायाखाली चिरडू नका, एवढं सांगून मी ती आगपेटी बांधावर रिकामी करायला लावतो.

उंबराचंही तसंच. उंबराला फूल येत नाही असं आपण म्हणतो, पण कोवळं उंबर चिरून पाहा. आत बारीक फुलांची दाटी असते आणि त्यांत चिलटाएवढ्या माश्या फिरत असतात. त्यांच्यावाचून उंबरात बी धरत नाही. ही गंमत मी कित्येक चावड्यांवर चाकूने फळ चिरून दाखवली आहे.

पुढं मोबाईल आले. गावोगावच्या शेतकऱ्यांचा व्हॉट्सॲपवर ग्रुप झाला आणि चावडीवरचं माझं हे वेड तिथं गेलं. रात्री जेवण झालं की एखादं नवल टाकायचं, सकाळी कुणाकुणाचे 'वा साहेब' वाचायचे. सवयच लागली म्हणा ना. चावडीवर उंबर हातात असायचं. इथं मात्र आलेलं चित्र पुढं ढकललं की झालं. हा फरक तेव्हा माझ्या ध्यानात आला नाही.

सप्टेंबर २०२२ मधली गोष्ट. राज्यात ठिकठिकाणी घोणस अळी दिसल्याच्या बातम्या येत होत्या. एका रात्री मला एक चित्र आलं. शेतात दोन माणसं मरून पडलेली, सोबत काटेरी अळीचा फोटो, आणि ही अळी कपाशीवर असते, चावली की माणूस काही मिनिटांत दगावतो, असा मजकूर. मी बी. एस्सी. ॲग्री. झालेला माणूस. अळी म्हणजे काय, हे मला शिकवायला नको होतं. पण रात्रीचे साडेदहा झाले होते, ती दोन माणसं पाहून छातीत धस्स झालं, आणि मी ते ग्रुपवर टाकलं. वर आपल्या पदरची एक ओळही जोडली : 'शेतात जाताना सर्वांनी काळजी घ्यावी.'

आमच्या भागातल्या एका गावात एका विधवा बाईंचा दीड एकर उडीद काढणीला आला होता. सकाळी आठ बायका यायच्या होत्या, एकही आली नाही. "साहेबांनीच लिवलंय, आमची लेकरं लहान हायेत," असा निरोप आला. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी पावसानं जी झड धरली, ती दोन दिवस. शेंगा काळ्या पडल्या, दाण्याला शेंगेतच मोड आले.

तोवर खरी गोष्ट बाहेर आली होती. चित्रातली ती माणसं जळगाव जिल्ह्यात वीज पडून गेलेली होती. अळीचा त्यांच्याशी काडीचा संबंध नव्हता.

मी त्या बाईंच्या घरी गेलो. त्यांनी चहा ठेवला. मला वाटलं होतं, बोलतील. त्या एवढंच म्हणाल्या, "भाऊ, ती अळी मला लहानपणी एरंडाला लागली व्हती. हात दोन दिस चुरचुरला. मी त्या बायांना सांगत व्हते, पन तुमच्या पुढं माझं कोन ऐकनार?"

त्यांचं बरोबर होतं. ही अळी चावत नाही. तिच्या अंगावरच्या पोकळ काट्यांत विष असतं. हात लागला की काट्याची टोकं कातडीत मोडतात आणि आग होते, गांधी उठतात, खाज सुटते. पाखरांपासून जीव वाचवायची ही तिची सोय. एरंड, आंबा, बांधावरचं गवत, कधी ऊस, जे मिळेल ते पान ती खाते. तिचे पाय दिसत नाहीत, गोगलगायीसारखी सरकते. कोष तर असा टणक, की फांदीला एखादी बी चिकटली आहे असं वाटावं.

अंगाला लागलीच तर चोळू नका. चिकटपट्टी त्या जागेवर हलकेच दाबून ओढून काढा, मोडलेले काटे तिच्याबरोबर निघतात. मग साबणानं धुवा, बर्फ लावा, किंवा खाण्याच्या सोड्याचा पाण्यात कालवून लेप द्या. बहुतेकांना एका-दोन दिवसांत उतार पडतो. दमेकरी किंवा ॲलर्जी असलेलं माणूस असेल, धाप लागली किंवा तोंड सुजलं, तर मात्र घरगुती उपायात वेळ न घालवता दवाखाना गाठा. गवत कापताना पूर्ण बाह्यांचा सदरा घाला. अळ्या फारच दिसल्या तर पाच टक्के निंबोळी अर्क फवारा.

हे सगळं मी त्याच रात्री ग्रुपवर लिहिलं, चूक माझी झाली हेही लिहिलं. त्यावर 'वा साहेब' फारसे आले नाहीत. भिजलेला उडीद बाईंनी थोडा बाजारात मिळेल त्या भावाला दिला, उरलेला म्हशीला घातला. मी नुकसानीचे पैसे देऊ केले, ते त्यांनी घेतले नाहीत. शेवटी रब्बीला हरभऱ्याचं बियाणं नेऊन दिलं, ते मात्र ठेवून घेतलं.

दिवाळीत माझ्या आतेभावानं मला एक चित्र पाठवलं. तेच शेत, तीच दोन माणसं, तीच अळी, आणि वर माझी स्वतःची ओळ, काना-मात्रेसकट. मी फोन करून विचारलं, हे कुठून आलं रे?

"खरं आहे दादा," तो म्हणाला, "कुणा शेतकी साहेबानंच लिहिलंय म्हणे."