काउंटरपलीकडच्या मुलीस

प्रिय मुली,



तुझं नाव मी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी इथं लिहिलं नसतं. मागच्या गुरुवारी भर दुपारी मी तुमच्या मॅचिंग सेंटरमध्ये आले होते. मोरपिशी साडीवर ब्लाउजपीस हवा होता. हा जरा निळाच दिसतो, तो फार हिरवा वाटतो, असं करत मी तुला सात ताके काढायला लावले. सातवा अगदी वरच्या फळीवर होता. त्यासाठी तू स्टुलावर चढलीस, एका हातानं फळी धरलीस आणि ताका ओढून वळलीस, तेव्हा मला तुझं पोट दिसलं. तोवर ते काउंटरमागे होतं.

मग बाकीचंही दिसलं. चपला तू काउंटरखाली काढून ठेवल्या होत्यास, कारण पट्ट्यांचे वळ पायांवर उमटले होते. घटकेत या पायावर, घटकेत त्या पायावर भार देत होतीस. हातात डोहाळजेवणाच्या हिरव्या बांगड्या होत्या, बोटं फुगली होती आणि बोटातली अंगठी काढून तू मंगळसूत्रात ओवली होतीस.

"कितवा गं?" मी विचारलं.

"नववा लागलाय, काकू."

"मग जरा बसत का नाहीस?"

तू गल्ल्याकडे एकदा पाहिलंस आणि हळूच म्हणालीस, "गिऱ्हाईक समोर असताना बसलेलं चालत नाही. आणि एवढं तर होतंच की सगळ्यांना." मग ऐंशी सेंटीमीटर मोजून, कडेला कात्रीचा एक काप देऊन तू कापड टर्रकन फाडलंस, घडी करून माझ्या हातात ठेवलंस. मागे तिघीजणी खोळंबल्या होत्या. मी पैसे देऊन बाहेर पडले.

घरी येईपर्यंत तुझं ते "होतंच की" कानातून जाईना. तुमच्या दुकानात स्टूल आहे, पण ते चढायला. बसायला नाही. हे पत्र तुला लिहिते आहे, आणि तुझ्यासारख्या ज्या कोणी शाळेत, दवाखान्यात, मॉलमध्ये, कारखान्यात दिवस भरत आलेले असताना उभ्या आहेत त्यांनाही वाचता यावं म्हणून सगळ्यांसमोर लिहिते आहे.

आधी एक गोष्ट मनातून काढून टाक. तुला होतंय तो त्रास म्हणजे नाजूकपणा नाही. एरवी साधारण 70 ग्रॅमचं असणारं गर्भाशय दिवस भरेपर्यंत एक किलोच्या आसपास जातं. त्यात भर बाळ, वार आणि गर्भजलाची. अंगातलं रक्त जवळजवळ दीडपट होतं. हे सगळं घेऊन तू रोज स्टुलावर चढतेस. पोटाच्या वजनानं पायांकडून वर येणाऱ्या शिरा दाबल्या जातात, उभं राहिल्यावर रक्त आणि पाणी खालीच साठतं, म्हणून संध्याकाळी घोट्याशी बोट दाबलं की खळगा पडतो. संप्रेरकांमुळे कमरेच्या आणि ओटीपोटाच्या हाडांना बांधून ठेवणारे बंध सैल होतात. बाळाला वाट मिळावी म्हणून शरीर ही तयारी करतं, आणि चालताना जांघेत कळ येते, कुशीवर वळताना कंबर धरते ती त्यामुळेच.

त्रासाला कारण आहे, तसे थोडेफार उपायही आहेत. ते मी तुझा दिवस डोळ्यांपुढे ठेवून सांगते.

उभं राहावंच लागलं तर काउंटरखाली एक पाट किंवा खोकं ठेव आणि आलटून पालटून एकेक पाय त्यावर टेकव. कमरेवरचा ताण उतरतो. मधूनमधून टाचा उचल, खाली टेकव. पोटरीचे स्नायू हलले की साठलेलं रक्त वर ढकललं जातं. तासाभरानं पाचदहा मिनिटं तरी बस, आणि जेवणाच्या सुट्टीत पाय उंच घेऊन टेक. वरच्या फळीवरचा ताका दुसऱ्या कुणाला काढायला सांग. पोट पुढे आलं की तोल बदलतो, त्यामुळे स्टुलावर चढणं आता तुझं काम नाही.

पाणी पी. दुकानात मुतारी नाही म्हणून दिवसभर पाणी न पिणाऱ्या कितीतरी जणी मला माहीत आहेत. बाळाचं डोकं खाली सरकलं की मूत्राशयावर दाब येतो, सारखी लघवीला होते, आणि ती दाबून ठेवली की जंतुसंसर्गाला वाट मिळते. या महिन्यांत त्या संसर्गातून ताप भरू शकतो, कळा वेळेआधी सुरू होऊ शकतात. म्हणून जायचं म्हटल्यावर जायचं. त्यासाठी कुणाची परवानगी मागायची नसते.

छातीत जळजळतं का? संप्रेरकांमुळे अन्ननलिकेच्या खालच्या टोकाशी असलेली झडप सैल पडते आणि पोट वर दाबलं गेल्यानं आंबट पाणी घशाशी येतं. दोन वेळा भरपेट जेवण्याऐवजी डब्याचे चार भाग कर. रात्री जेवून लगेच आडवी होऊ नकोस, उशाला थोडा उंचवटा घे. लोहाची गोळी चहा किंवा दुधाबरोबर घेऊ नकोस, आणि कॅल्शियमची गोळी तिच्यासोबत नको, दोन्हींत काही तासांचं अंतर ठेव. लोहानं शौच काळं होतं, खडाही होतो. त्यापायी गोळी बंद करायची नसते. पालेभाजी, फळं, भिजवलेले मनुके, भरपूर पाणी, आणि तरी भागलं नाही तर डॉक्टरांना सांगायचं. मूळव्याधीचा त्रास सुरू झाला असेल तर तोही लाजून लपवू नकोस. ही तक्रार त्यांच्याकडे रोज येते.

रात्री कुशीवर झोप, शक्यतो डाव्या. उताणं झोपलं की पोटाचा भार मणक्याशेजारच्या मोठ्या शिरेवर येतो आणि घाबरल्यासारखं होतं. गोधडीची घडी करून दोन गुडघ्यांमध्ये घे, एक पोटाखाली सरकव. मध्यरात्री पोटरीत गोळा आला तर पाय ताठ करून पाऊल आपल्याकडे ओढ, मग चोळ. पोट अधूनमधून दगडासारखं घट्ट होऊन पुन्हा सैल पडत असेल, बसल्यावर किंवा कूस बदलल्यावर थांबत असेल, तर त्या बहुधा खोट्या कळा. जॉन ब्रॅक्स्टन हिक्स या इंग्लिश डॉक्टरांनी 1872 साली त्यांचं वर्णन केलं आणि आजही त्या त्यांच्याच नावानं ओळखल्या जातात. खऱ्या कळा थांबत नाहीत. त्या ठरावीक अंतरानं येतात आणि जोर धरत जातात.

आता माझी गोष्ट. ती सांगायची म्हणूनच हे पत्र लिहायला बसले.

1999 साली मी एका शाळेत शिकवत होते. आठवा महिना होता. दिवसाला सहा तास, सगळे उभ्यानं. पाय सुजले, होतंच. बोटं सुजली, अंगठी काढून मीही मंगळसूत्रात ओवली. होतंच. तीन दिवस कपाळ ठणकत होतं. उन्हाचं असेल, मी मनाशी म्हणाले. चौथ्या दिवशी फळ्यावर गणित लिहिताना खडूच्या आकड्यांवर काळे ठिपके तरंगायला लागले. मी डोळे चोळले आणि गणित पुरं केलं. मधल्या सुट्टीत एका सहकारी बाईंनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, काही न विचारता रिक्षा बोलावली आणि मला दवाखान्यात नेलं. रक्तदाब 170 वर 110 होता, लघवीतून प्रथिनं जात होती. प्री-एक्लाम्पसिया. त्याच रात्री सिझेरियन झालं. मुलगी चौतिसाव्या आठवड्यात जन्मली, अकरा दिवस काचेच्या पेटीत होती.

ती आज धडधाकट आहे. पण त्या अकरा दिवसांत त्या काचेवर हात ठेवून मी एकच गोष्ट स्वतःशी म्हणत होते: मी कुणाला सांगितलंच नव्हतं. डोकं दुखतंय म्हणून सांगितलं नव्हतं, डोळ्यांपुढे ठिपके येतात म्हणून सांगितलं नव्हतं. "होतंच" या शब्दाखाली मी साधं दुखणंही झाकलं आणि धोक्याचं दुखणंही. सोसण्याचं आपल्याकडे फार कौतुक आहे. सोसणारी बाई गुणाची, बोलणारी नखरेल. या कौतुकानं बाईचा जीव जाऊ शकतो. जी पाय दुखतात हे बोलू शकत नाही, ती डोळ्यांपुढे अंधारी येते हे कधी बोलणार?

म्हणून तुझी ती मंगळसूत्रातली अंगठी पाहून माझ्या पोटात गोळा आला. नुसत्या सुजेचं भय नाही, ती बहुतेकींना येते. पण चेहरा आणि हात एकाएकी सुजले, डोकं दुखायचं थांबेना, नजर धूसर झाली, बरगड्यांखाली दुखू लागलं, तर त्याच दिवशी, त्याच तासाला रक्तदाब तपासून घे. रक्त गेलं, पाणी गेलं, बाळाची हालचाल नेहमीपेक्षा मंदावली, ताप आला, एकच पोटरी लाल होऊन सुजली, तळहात-तळपायांना रात्री झोपू न देणारी खाज सुटली, तर सकाळची वाट पाहू नकोस. 108 ला फोन कर. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी आरोग्य केंद्रांत गरोदर बायकांची डॉक्टरांकडून मोफत तपासणी असते. या महिन्याची चुकवू नकोस. तुझ्या वस्तीतल्या आशाताईंना तुझी तारीख सांगून ठेव.

आता तुझ्या मालकांनीही ऐकावं असं थोडं. 1928 साली मुंबईच्या कायदेमंडळात प्रसूतिरजेच्या विधेयकाच्या बाजूनं डॉ. बाबासाहेब आंबेडकर बोलले. बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विसावा मिळणं राष्ट्राच्या हिताचं आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. 1929 साली तो कायदा झाला. त्यानंतर 1961 चा देशभराचा मातृत्व लाभ कायदा आला. त्याच्या चौथ्या कलमात तुझ्या काउंटरबद्दलच लिहिलं होतं असं वाटावं. प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधीचे सहा आठवडे आणि त्यांच्या मागचा एक महिना, या काळात कामावर असलेल्या बाईनं मागणी केली, तर तिला कष्टाचं किंवा फार वेळ उभं राहावं लागेल असं काम देता येत नाही. 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ही तरतूद आहे. दहा किंवा त्याहून जास्त माणसं कामाला असलेल्या दुकानांना हे लागू आहे. 2017 पासून पहिल्या दोन बाळंतपणांना 26 आठवड्यांची भरपगारी रजा आहे आणि त्यातले आठ आठवडे आधी घेता येतात. "रजा नंतरच्या कामी येते" म्हणून शेवटच्या दिवसापर्यंत उभं राहण्याआधी हा हिशेब एकदा करून बघ.

तुमच्याकडे दहा माणसं नसतीलही. पण बसायला स्टूल द्यायला कायदा कशाला लागतो? केरळात कोझिकोडच्या कापडदुकानांतल्या बायका बसण्याच्या हक्कासाठी लढल्या आणि 2018 साली तिथल्या कायद्यात दुकानातल्या कामगारांच्या बसण्याची सोय आली. 2021 साली तामिळनाडूनंही तसा कायदा केला. त्या बायका तुझ्यासारख्याच दिवसभर ताके उलगडत होत्या. त्यांनी मागितली ती फक्त बसायची जागा.

आणि गिऱ्हाइकांचंही काही चुकतं, ते मी आधी माझ्यापासून कबूल करते. मोरपिशीच्या सात छटा पाहताना मी कापडाकडे पाहत होते, ते उलगडणाऱ्या हातांकडे नाही. बसलेली मुलगी आळशी, असं आपण समजतो म्हणून मालक तिला उभं करतात. "बाई, तुम्ही बसूनच दाखवा, मला घाई नाही," एवढं वाक्य आपण काउंटरसमोर मोठ्यानं म्हटलं, गल्ल्यापर्यंत ऐकू जाईल असं म्हटलं, तर पुष्कळ काही बदलेल.

त्या दिवशी ते वाक्य मी म्हटलं नाही. माझ्या साडीला फॉल लावायचा राहिला आहे. येत्या गुरुवारी मी पुन्हा येणार आहे, आणि घरातलं एक बसकं, पाठीला टेकू असलेलं स्टूल बरोबर आणणार आहे. मालकांशी मी बोलेन. तू घरी विश्रांतीला गेलेली असलीस तर मला जास्त आनंद होईल, आणि ते स्टूल तुझ्या जागेवर येणाऱ्या मुलीसाठी तिथंच राहील. दुकानातच असलीस, तर बसून फॉल मोजून दे.

मी थांबेन.

तुझी,
सातवा ताका काढायला लावणारी काकू