लाकूड, आवाज आणि काडेपेटीतल्या दोन काड्या

नोकरी लागल्यावर घेतलेली माझी पहिली इलेक्ट्रिक गिटार चक्क प्लायवुडची निघाली! जाणकार मित्र म्हणाले, "महोगनीचा आवाज कसा गोल, भरीव..." झालं, नव्या गिटारसाठी पैसे साठवायला लागलो.

मग डोक्यातला इंजिनिअर जागा झाला. पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याभोवती तांब्याच्या तारेचं वेटोळं. त्याला कळते ती स्टीलच्या तारेची थरथर. लाकडाने त्या थरथरीत थोडाफार फरक पडेलही, पण पिकअपची उंची जरा कमीजास्त केली तरी आवाज ठळक बदलतो. करून बघा!

मग लाकूड निरुपयोगी? छे! एका रविवारी पट्ट्याचा स्क्रू भुसभुशीत प्लायमधून निसटला आणि गिटार दाणकन् फरशीवर. बाबा काही न बोलता उठले. भोकात फेविकॉल आणि काडेपेटीतल्या दोन काड्या ठोकल्या. सकाळी स्क्रू घट्ट. लाकडाचं खरं काम हे: स्क्रू धरणं, वजन पेलणं, वाकडं न होणं.

क्वीनच्या ब्रायन मेने १९६३ मध्ये वडिलांबरोबर घरीच गिटार बनवायला घेतली. मान फायरप्लेसच्या जुन्या लाकडाची, बॉडीत जुन्या टेबलाचं ओक आणि ब्लॉकबोर्ड. पुढे बहुतेक वेळा तीच वाजवली.

साठवलेल्या पैशांतून मी फक्त पिकअप घेतला. बाबांना गिटारमधलं ओ की ठो कळत नाही, पण सोल्डरिंग त्यांनीच केलं. आता ही गिटार विकणं होणार नाही...