धुतलेलं मीठ

एमिली ब्राँटे शिकवायला घेतली की माझ्या वर्गातल्या मुली कान टवकारतात. यॉर्कशरच्या उजाड माळावर राहणाऱ्या पाद्र्याची ही मुलगी. १८४६ साली तिघी बहिणींनी पुरुषी वाटतील अशी नावं घेऊन कवितासंग्रह काढला. वर्षभरात त्याच्या दोन प्रती खपल्या. पुढच्या वर्षी एमिलीची एकुलती एक कादंबरी आली, ‘वुदरिंग हाइट्स’, आणि १८४८ मध्ये, तिशीतच, क्षयाने ती गेली. हे सगळं मुली मन लावून ऐकतात. मग मी विचारते, आपल्या नाशिक जिल्ह्यात अशी कोण झाली? एखादीच हात वर करते.

माझं उत्तर लक्ष्मीबाई टिळक. त्यांनी कादंबरी लिहिली नाही हे खरं. पण मराठीत बाईच्या आयुष्याची इतकी जिवंत गोष्ट कुठल्या कादंबरीत आहे, ते मला कुणी दाखवावं. नाशिकजवळच्या जलालपूरला १८६८ साली जन्म. शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, अकरा-बारा वर्षांच्या असताना नारायण वामन टिळकांशी लग्न, अक्षरओळख झाली ती लग्नानंतर. आणि साठी ओलांडल्यावर ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र, १९३४ ते १९३६ या काळात, चार भागांत.

पुस्तकाच्या सुरुवातीलाच लक्ष्मीबाईंचे वडील भेटतात. १८५७ च्या बंडापायी नात्यातल्या वडीलधाऱ्या माणसाला फाशी झाली आणि त्या धसक्याने या गृहस्थांच्या डोक्यात सोवळं शिरलं. (तात्या टोपे आमच्या येवल्याचे. बंड म्हटलं की आम्हाला त्यांचा पुतळा आठवतो. त्याच बंडाने जवळच्या एका घरात काय करून ठेवलं, हे मात्र या पुस्तकाखेरीज कळलं नसतं.) बाजारातून आलेली प्रत्येक वस्तू धुवायची. मीठसुद्धा. मीठ धुतल्यावर काय उरणार? पण धुवायचं.

हा भाग मी एकदा शेजारच्या काकूंना वाचून दाखवला. त्यांच्या घरी पैठणीचा माग आहे. माग काकांकडे, कांड्या भरायचं काम काकूंकडे. एका हाताने चरखा फिरतोय, दुसऱ्या हाताच्या चिमटीतून रेशमाचा तार सुटतोय, अशा त्या ऐकत होत्या. मिठाशी आलो तशा खळखळून हसल्या. मग चरखा थांबवून म्हणाल्या, “आणि घरातल्या बायांचं काय होत असेल गं?”

लक्ष्मीबाईंनी तेच तर लिहिलंय. त्या कुणावर डाफरत नाहीत. स्वतः हसतात, आपल्याला हसवतात, आणि हसता हसता भीती कुठे दडलीय ते आपल्याला दिसतं.

१० फेब्रुवारी १८९५ ला टिळक मुंबईत ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाई मुलाला घेऊन बहिणीकडे पंढरपूरला. नवरा जिवंत, तरी नसल्यासारखा. पुढे त्या त्याच्याजवळ राहायला गेल्या, पण स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळं. नवऱ्यावर जीव होता, आणि त्याने शिवलेलं पाणी घशाखाली उतरत नव्हतं. धुतलेल्या मिठाच्या घरात वाढलेली मुलगी होती ती. मग एक दिवस, कुणीही वाद न घालता, एकटीच विचार करत असताना तिने स्वतःला विचारलं की जाती केल्या कुणी, देवाने की माणसाने? उत्तर मिळालं, आणि कुणाच्याही हातचं खायचं-प्यायचं तिने ठरवलं. बाप्तिस्मा त्यानंतरचा, १९०० सालचा. हा क्रम मला फार मोलाचा वाटतो. पाण्याचा सोक्षमोक्ष आधी लागला, धर्माचा नंतर.

नंतरचं आयुष्य भरगच्च आहे. नगरच्या घरात बालकवी ठोमरे मुलासारखे राहिले. १९१९ मध्ये टिळक गेले, त्यांचं ‘ख्रिस्तायन’ सुरुवातीच्या काही अध्यायांवर थांबलं होतं, ते लक्ष्मीबाईंनी ६४ अध्याय रचून पुढे नेलं. ज्या नवऱ्याने अक्षरं गिरवून घेतली, त्याचं महाकाव्य हिने उचललं. लक्ष्मीबाईंच्या स्वतःच्या कवितांचा ‘भरली घागर’ हा संग्रह त्यांच्यामागे निघाला.

२४ फेब्रुवारी १९३६ ला लक्ष्मीबाई वारल्या. त्याआधी चार महिने, १३ ऑक्टोबर १९३५ ला, याच जिल्ह्यात, आमच्या येवल्यात भरलेल्या परिषदेत, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जाहीर केलं की हिंदू म्हणून जन्मलो हे माझ्या हातात नव्हतं, पण हिंदू म्हणून मरणार नाही. नाशिकच्या काळाराम मंदिराच्या दारात अस्पृश्यांच्या प्रवेशासाठी १९३० पासून सत्याग्रह चालला होता, आणि दार उघडलं नव्हतं.

लक्ष्मीबाईंचा निर्णय आणि येवल्याची घोषणा, या दोन गोष्टी एका मापाने मोजता येत नाहीत. येवल्याच्या परिषदेत बसलेल्यांना पिढ्यान्‌पिढ्या पाणी नाकारलं गेलं होतं. लक्ष्मीबाई नाकारणाऱ्यांच्या घरातून आल्या होत्या. पण म्हणूनच त्यांचं पुस्तक मला येवल्यासाठी इतकं महत्त्वाचं वाटतं. अन्याय सोसलेल्यांनी आपलं दुःख मराठीत लिहिलं, ते आपण वाचतो, वाचायलाच हवं. अन्याय करणाऱ्या घरात सोवळं नेमकं कसं शिजतं, कसल्या भीतीवर जगतं, लहान मुलीच्या अंगात कसं मुरतं, याची आतून दिलेली इतकी प्रामाणिक साक्ष मात्र क्वचित मिळते. शिवाय ही साक्ष देणारी स्वतःला वगळत नाही. मी असं केलं, मी असं मानत होते, असं ती सरळ सांगते.

१९५० मध्ये हे पुस्तक इंग्रजीत गेलं, २०१७ मध्ये शांता गोखले यांनी ते पुन्हा आणलं. म्हणजे माझ्या मुलींना ते इंग्रजीच्या तासालाही वाचता येईल, आणि ते मी वाचून घेणार आहे. आणखी एक इच्छा आहे. दरवर्षी १३ ऑक्टोबरला येवल्यात, ती घोषणा झाली त्या मुक्तिभूमीवर, लांबून लांबून माणसं येतात. अशा ठिकाणी पुस्तकांभोवती नेहमी गर्दी असते, वहीत पैसे जपून आणणारी पोरं उभ्याने पानं चाळत असतात. त्या पुस्तकांत ‘स्मृतिचित्रे’ असावं.